मावशीच्या मशीनमधला माणूस

१

दुकान दुपारी एक ते पाच बंद असायचं. घरी येऊन, जेवून, हात धुऊन खटपट्या तडक पुढच्या खोलीतल्या खिडकीपाशी बसायचा. दुपारी तो कधी आडवा झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. खटपट्या हे नाव मावशीनं ठेवलेलं. सहा वर्षांचा असताना त्यानं तिचं गजराचं घड्याळ उघडलं, पुन्हा बंद केलं, आणि टेबलावर चार चाकं शिल्लक राहिली. घड्याळ चालत होतं, हे विशेष. आता तो बेचाळीस वर्षांचा होता, डोक्यावरचे बरेच केस गळले होते, नाव मात्र जागच्या जागी होतं.

खिडकीपाशी सध्या एक गेम तयार होत होता. खिशात घालून नेता येईल, दोन्ही अंगठ्यांनी खेळता येईल असा, घरगुती. हौशी मंडळींचा एक गट होता. वर्षातून एकदा सगळे एका सभागृहात जमायचे आणि आपापले उद्योग स्पर्धेत मांडायचे. यंदा ठरलं होतं की गेम बनवायचा, पण तो अशा डबीत बसवायचा की पाहणाऱ्याला शंका येऊ नये. एकानं बुटाच्या पॉलिशची डबी घेतली होती, एका दंतवैद्यानं कवळीची.

खटपट्याची डबी या सगळ्यांपेक्षा सरस होती. ते जुनं कानाचं मशीन होतं, खिशात ठेवायचं, वायर कानापर्यंत जाते तसलं. पत्त्यांच्या जोडाएवढं, राखाडी धातूचं, कडा बोटांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. पुढे माइकची बारीक जाळी, वर वायर खोचायचं भोक आणि कडेला आवाजाची चकती, एक ते नऊ आकडे कोरलेली. तसलं काम आता कुणी करत नाही.

ही डबी कुठून मिळाली, असं कुणी विचारलं की त्याच्या कानाच्या पाळ्या तापायच्या.

२

मशीन मावशीचं होतं. मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची, मागच्या खोलीत राहायची. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. तरुणपणी तापात तिचे कान गेले, आणि गेली अठ्ठावीस वर्षं ती याच मशीनवर ऐकत होती. कानामागे लावायची नवी मशीनं तिनं दोनदा लावून पाहिली. एक भांडी घासताना पाण्यात गेलं. दुसऱ्याबद्दल ती म्हणाली, "कानात झुरळ शिरल्यासारखं वाटतं रे." म्हणून हेच जुनं, तिनंच शिवलेल्या कापडी पिशवीत, गळ्यात अडकवून छातीवर. माइकवर कापड घासून खरखर होऊ नये म्हणून पिशवीला पुढून गोल खिडकी कापलेली. चकती कायम तीनवर. "तीन म्हणजे घर, पाच म्हणजे पाहुणे," असा तिचा हिशेब होता. नऊवर तिनं कधी नेली नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी तिनं मशीन त्याच्या हातात दिलं. "मधेच बोलतं, मधेच रुसतं. बघ जरा."

खटपट्या कानाची मशीनं दुरुस्त करायच्या दुकानातच कामाला होता. त्यानं तिथं ते उघडलं. आत सगळं ठणठणीत होतं. फक्त वायर पिनेजवळ तुटली होती, आतल्या आत. नवी वायर खणात होती. दोन मिनिटांचं काम. नवी वायर त्यानं डाव्या हातात घेतलीसुद्धा होती, आणि उजव्या हातात ती डबी उजेडाकडे धरून तो तिच्या कडा बघत बसला. स्पर्धेचा निरोप आदल्याच आठवड्यात आला होता.

दुकानाची एक रीत होती. प्रत्येक मशीनला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची. तिच्यावर कुणाचं, तक्रार काय, आणि निकाल. निकाल तीनच. दुरुस्त, कंपनीकडे किंवा निकामी. निकामी लिहिलं की मशीन सुट्या भागांच्या खणात जायचं आणि कुणी काही विचारायचं नाही, कारण लिहिणाऱ्यालाच त्यातलं कळतं असं सगळे धरून चालायचे. नऊ वर्षं तिथं लिहिणारा एकटा खटपट्या होता.

त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं : "मावशी. आवाज नाही. निकामी." वायर पुन्हा खणात टाकली.

तुटकी वायर आणि तिच्या टोकाचा, कानात बसवायचा साचा त्यानं घरी आणून मावशीला दिला. "मशीन संपलं गं," तो तिच्यासमोर उभा राहून, ओठ नीट हलवत म्हणाला. "तसंच दुसरं मागवलंय. पंधरा दिवस लागतील."

तिनं ओठांवरून वाचलं. त्याच्या गालावर थोपटलं. "तू आहेस, मग मला कसली काळजी?"

त्यानं काहीही मागवलं नव्हतं. तसलं मशीन कंपनीनं बंद करून काही वर्षं झाली होती, हेही त्याला ठाऊक होतं. स्पर्धा झाली की बघू, असं त्यानं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मावशीनं अंघोळ केली आणि सवयीनं पिशवी गळ्यात अडकवली. रिकामी. तिसऱ्या दिवशीही. कुणी बोलायला लागलं की तिचा हात छातीशी जायचा, पिशवी चपटी लागायची आणि हात खाली यायचा. खटपट्यानं जेवताना ताटातून मान वर करणं सोडून दिलं.

३

गेम साधाच होता. एक माणूस पाच खोल्यांमधून चालत किल्ल्या गोळा करतो. माणूस बारा ठिपके उंच. त्याची चित्रं दोनच, एक डावीकडे जातानाचं, एक उजवीकडे. दोन्हीत माणूस कडेनं दिसणारा, म्हणून डोळाही एकच. खटपट्यानं ती चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं काढून मग आत भरली होती. तिसऱ्या चित्राला जागाच नव्हती. स्पीकरलाही नव्हती, त्यामुळे गेम मुका होता. माइक काढला होता, जाळी कापून तिथं स्क्रीन बसवला होता. चकती मात्र शोभेला ठेवली होती, तीनवर. ती आता कशालाच जोडलेली नव्हती.

एका दुपारी बायको पेला पुसत बाहेर आली.

"मावशींच्या मशीनचं काय झालं? आज दाराची घंटा वाजत होती आणि त्या शेजारीच बसून होत्या. मी न्हाणीघरात. त्यांचीच मैत्रीण आलेली, गेली परत."

"मागे लागलोय कंपनीच्या," खटपट्या म्हणाला. "आजच फोन केला होता."

स्क्रीनवरचा माणूस तिसऱ्या खोलीत थांबला. खटपट्याचा अंगठा बटणावर दाबलेलाच होता, तरी थांबला. आणि त्यानं तोंड बाहेर वळवलं. दोन डोळे.

एक श्वास घेऊन सोडावा एवढाच वेळ. मग तो पुन्हा कडेनं दिसायला लागला आणि चालू पडला.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. सोल्डरचा जोड सुटला असेल कुठेतरी."

ती आत गेल्यावर त्याला कारणही सापडलं. डाव्या चित्राचा अर्धा आणि उजव्याचा अर्धा भाग एकत्र आला असणार. एक डोळा इकडचा, एक तिकडचा. असं होतं. त्याला इतकं हायसं वाटलं की तो स्वतःशीच हसला. डबी खाली ठेवताना त्यानं पाहिलं, चकती चारवर होती.

बोट लागलं असेल, म्हणून तो ती तीनवर आणायला गेला, तर ती मागे येईना. पुढे सरकायची, मागे नाही. त्यानं जोर लावला नाही.

४

खटपट्या आंधळा विश्वास ठेवणारा नव्हता. काही बिघडलं की आधी मोजायचं, मग बोलायचं, ही त्याची पद्धत. दुसऱ्या दुपारी त्यानं डबी उघडली. सगळे जोड भिंगाखाली पाहिले, दोन पुन्हा केले. काढलेला माइक काडेपेटीत होता, तारा कापलेला. तोही नीट पाहिला.

मग डबी बंद करून, गेम चालू करून त्यानं तिच्यासमोर टाळी वाजवली. माणूस चालत राहिला. शीळ घातली. वर्तमानपत्रातली हवामानाची बातमी मोठ्यानं वाचली. मागच्या खोलीत मावशी गुंड्या निवडत बसली होती, तिला अर्थातच काही कळलं नाही. शेवटी त्यानं नुसतेच ओठ हलवले, आवाज न काढता.

आणि ते करताना त्याला आठवलं की हे तो पूर्वीही करायचा. चौदा-पंधरा वर्षांचा असेल. मावशीचं मशीन नवं होतं. तो तिच्यासमोर बसून आवाज न काढता ओठ हलवायचा. तिला वाटायचं मशीन बंद पडलं. ती चकती फिरवायची, चार, पाच, सहा, सात. मग तो एकदम ओरडायचा. ती कान दाबून धरायची, चेहरा आक्रसायचा. तो लोळून हसायचा. ती म्हणायची, "हळू रे, खटपट्या. कान दुखतो." आणि थोडी हसायचीही, त्याला वाईट वाटू नये म्हणून. असं एकदा नव्हे, कितीतरी वेळा. तिनं कुणाकडे तक्रार केली नाही.

माणूस चालतच होता. आवाजाचा काही संबंध नव्हता, हे सिद्ध झालं होतं. खटपट्या गप्प बसून राहिला. खिडकीबाहेर कुणीतरी गादी झटकत होतं. त्याच्या मनात आलं, रविवारी स्पर्धा आहे, त्यानंतर सांगू. किंवा कशाला सांगायचं? तिला काय कळणार आहे?

माणूस थांबला आणि वळला.

या वेळी तो अर्धा-अर्धा जोडलेला वाटला नाही. मान किंचित कलती होती. नीट ऐकू येत नसलं की माणूस बरा कान पुढे करतो, तशी.

चकती पाचवर होती. मागच्या खोलीतून मावशीनं हाक मारली, मशीन नसल्यामुळे जरा जास्तच मोठ्यानं. "खटपट्या, सुईत दोरा ओवून देतोस का रे?"

त्यानं ओवून दिला. तिच्याकडे न बघता.

५

रविवारी सकाळी सभागृहात लांब टेबलं मांडली होती. पॉलिशची डबी आली होती, कवळीची आली होती, एका बाईंनी तर मोठ्या कुलपात गेम बसवला होता. गटाचे प्रमुख मीटरकाका, खिशात कायम वीज मोजायचा मीटर घेऊन फिरणारे, टेबलाटेबलाशी थांबत येत होते. खटपट्यापाशी आले आणि त्यांनी डबी हातात घेऊन कितीतरी वेळ नुसती फिरवली.

"वा! काय शोधून काढलंत! हे मिळालं कुठे?"

आजूबाजूला सात-आठ जण जमले होते.

"माझ्या मावशीचं," खटपट्या म्हणाला. "निकामी झालं होतं. तिनंच हौसेनं दिलं, म्हणाली, तुझ्या कामाला येईल."

थाप इतकी सराईतपणे बाहेर पडली की त्याचं त्यालाच नवल वाटलं. मीटरकाकांनी डबी डोळ्यांजवळ नेली.

"अरे, हा थांबून बघतोय की आपल्याकडे!"

मंडळी वाकली. सगळ्यांनी पाहिलं. म्हणजे ते खरंच होतं, आता शंकेला जागा नव्हती.

"आपल्याकडे कुठे, यांच्याकडे बघतोय," कुलूपवाल्या बाई खटपट्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. सगळे हसले.

"मुद्दाम केलंय," खटपट्या म्हणाला.

पहिला नंबर त्याचाच आला. फोटो काढले. मीटरकाकांनी माइकवरून मावशींचं खास कौतुक केलं, अशी माणसं घरोघरी हवीत म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. खटपट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पळून जावंसं वाटत होतं आणि तो हसत उभा होता.

जिना उतरताना त्यानं चकतीकडे पाहिलं. सात.

६

फोटो त्याच्याआधी घरी पोचला होता. बायको दारातच उभी होती, हातात फोन.

"हे मावशींचं मशीन ना?"

त्यानं चपला काढायला जरा जास्तच वेळ लावला.

"संपलेलं?"

"ऐक ना, ते निकामीच—"

"माझ्या डोळ्यांत बघून सांग."

त्याला ते जमलं नाही. बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच बोलली. "दोन महिने ती बाई रिकामी पिशवी गळ्यात घालून बसलीय. काल मला म्हणाली, माझा खटपट्या मागे लागलाय कंपनीच्या, उगाच घाई करू नकोस त्याला." तिनं दारातून बाजूला होऊन वाट दिली. "आत्ता आत जा. तू सांगतोस की मी सांगू?"

"मी सांगतो," खटपट्या म्हणाला.

मधल्या बोळातून मागच्या खोलीपर्यंत अकरा पावलं. त्यानं मनात वाक्य जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. डबी मुठीत गरम झाली होती.

७

मावशी पलंगावर बसून गुंडी लावत होती. खिडकीतून दुपारचं ऊन तिच्या मांडीवर पडलं होतं. तिनं मान वर केली आणि त्याच्या मुठीतली राखाडी कड पाहिली.

"आलं? अगं बाई, आलं!"

तो तोंड उघडेपर्यंत तिनं डबी घेतलीसुद्धा. अंगठ्यानं कडा चाचपल्या. "तेच की हे! म्हणजे तू दुरुस्तच केलंस. आणि ही काच कसली? बरी दिसते." तिनं उशीखालून जुनी वायर काढली. पिनेजवळ तुटलेली, तीच. भोकात खोचली. साचा कानात बसवला. डबी पिशवीत सरकवली, आणि पिशवीच्या गोल खिडकीत स्क्रीन बरोबर मध्यभागी आला. अशी ती सजली, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटून वाट बघू लागली.

खटपट्याला रडू यायचं बाकी होतं. वायर तुटकी, माइक काडेपेटीत, आत एक गेम. आता ती डोळे उघडेल आणि म्हणेल, काही ऐकू येत नाही रे.

मावशी हसली. "चालतंय."

म्हातारीला भास होतोय, त्याला वाटलं. आनंदाच्या भरात भास. मग काही बोलूच नये. राहू दे तिला असंच. बायकोला सांगू, सांगितलं म्हणून.

"काय सांगितलं?" मावशीनं विचारलं. डोळे अजून मिटलेलेच होते.

तो बोलला नव्हता. त्यानं ओठही हलवले नव्हते, आणि हलवले असते तरी तिनं पाहिले नसते.

वळून जावं, असं त्याला वाटलं. पण दारात बायको येऊन उभी होती. बोलायला हवं होतं, आणि तो खिडकीकडे बघत राहिला. डोक्यात मात्र सगळं एकदम उसळून वर यायला लागलं; नवी वायर, चिठ्ठी, ते वळणदार अक्षर, सभागृहातल्या टाळ्या. त्यानं ते दाबायला दुसरंच काहीतरी धरलं. बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा.

"पाढे कशाला म्हणतोयस?" मावशी म्हणाली.

"कोण म्हणतंय पाढे?" दारातून बायकोनं विचारलं. "मावशी, तो तर गप्प उभा आहे."

मावशीची मान कलली, कान पुढे आला. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. लांबचं बोलणं तुकड्यातुकड्यानं कळायला लागलं की चेहरा बदलतो, तसा तो बदलला. मग तिचा अंगठा चकतीवर गेला, जुन्या सवयीनं. आठ. नऊ.

पिशवीच्या गोल खिडकीत माणूस उभा होता, बाहेर तोंड करून, दोन्ही डोळ्यांनी सरळ खटपट्याकडे बघत. त्याच्या मागे खोली नव्हती, किल्ल्या नव्हत्या.

खटपट्यानं दात घट्ट मिटले. दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. त्याचा उपयोग नव्हता हे त्याला कळत होतं.

मावशीचा चेहरा आक्रसला. तिनं साच्यावरून कान दाबून धरला, पण काढला नाही. डोळे उघडून ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि डोळे भरले होते.

"हळू रे, खटपट्या," ती म्हणाली. "इतकं ओरडू नकोस. कान दुखतो."